मुंबई ते मुंबई, शिडाच्या बोटीनं: आधी महिने मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरला राहणारं जोडपं, दोघंही आयटीत, चाळिशीच्या आसपास. ४० फुटी शिडाची बोट घ्यायची, दोन वर्षं बिनपगारी रजा काढायची, पाडव्याला मुंबई सोडायची आणि जगाला फेरी मारून परत मुंबईला यायचं. सोबत नकाशावर आखलेली रेषा: मुंबई, सेशेल्स, केप टाउन, केप हॉर्न (दक्षिण अमेरिकेचं टोक), ताहिती, सिंगापूर, मुंबई. आणि विचारलंय की मार्ग बरोबर आहे का, मधले थांबे वाढवावेत का.

थांब्यांचं नंतर बघू. तुमच्या रेषेवर एकही तारीख नाही. पाडवा सोडला तर अख्ख्या दोन वर्षांत एक महिनासुद्धा लिहिलेला नाही. "कुठून जायचं" हे तुम्ही ठरवलंय, पण शिडाच्या बोटीला ते दुसऱ्या नंबरचं असतं. कोणत्या समुद्रात कोणत्या महिन्यात असायचं आणि कोणत्या महिन्यात अजिबात असायचं नाही, हे आधी ठरतं. ते ठरलं की मार्ग बराचसा आपोआप पडतो. तुमचा खरा प्रश्न तो आहे, म्हणून उत्तर त्याचंच देतो.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला कळेल. मी मर्चंट नेव्हीत नेव्हिगेटिंग ऑफिसर होतो. नोकरी सोडल्यावर लोकांच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायची कामं केली: फुकेत ते कोची, मॉरिशस ते डर्बन, डर्बन ते केप टाउन. सलग पृथ्वीप्रदक्षिणा मी केलेली नाही. गेली काही वर्षं कोथरूडमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून दुसऱ्यांच्या फेऱ्यांचे आराखडे करतो. टेबल रिकामं करून द्या, असा तगादा रोज रात्री आठला सुरू होतो.

आता तुमच्याच रेषेवर महिने लिहून बघू. पाडव्याला, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलमध्ये, मुंबई सोडली. तेव्हा अरबी समुद्रात वारा मेलेला असतो आणि पाठीमागे मॉन्सूनपूर्व वादळांचा काळ सुरू होत असतो. रखडत सेशेल्सला मे उजाडेल. तिथून आफ्रिकेच्या टोकाला जून-जुलै, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. केप टाउनहून हॉर्नकडे पश्चिमेला निघालात की ऑगस्ट-सप्टेंबर आणि समोरून पश्चिमी वारे. शाळेच्या भूगोलात 'गरजणारे चाळीस' वाचलं होतं ना, तेच. केप हॉर्न जवळपास ५६ अंश दक्षिणेला आहे. १७८८ मध्ये कॅप्टन ब्लायचं 'बाउंटी' हे जहाज ताहितीला जाताना याच बाजूनं हॉर्न ओलांडायला गेलं. महिनाभर झुंजलं, शेवटी तोंड फिरवून आफ्रिकेच्या टोकावरून उलट्या दिशेनं ताहितीला गेलं. त्यांच्याकडे चाळीसहून जास्त माणसं होती. तुम्ही दोघं.

"पण आपल्या नेव्हीच्या बोटी हॉर्नवरून गेल्या की," असं तुम्ही म्हणाल. गेल्या, आणि झोकात गेल्या. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकटे गेले, अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता गेले. 'तारिणी'वरच्या सहा जणींनी १० सप्टेंबर २०१७ ला गोवा सोडलं आणि मे २०१८ मध्ये परत आल्या. पण हे सगळे प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे झाले: ऑस्ट्रेलियाच्या खालून, न्यूझीलंडवरून हॉर्न, मग केप टाउन. पश्चिमी वारा पाठीवर. आणि 'तारिणी' सप्टेंबरमध्ये का निघाली ते बघा. जानेवारीत, दक्षिणेच्या उन्हाळ्यात, हॉर्न ओलांडायचा होता. तिथून मागे मोजत आले की सप्टेंबर येतो. मुहूर्त असा काढतात. शिवाय ५६ फुटांची, त्या समुद्रासाठीच बांधलेली बोट आणि अनेक महिन्यांची तालीम. तुमच्यासाठी हॉर्न मी सरळ खोडतो.

राहिला व्यापारी वाऱ्यांचा मार्ग. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना हे वारे पूर्वेकडून येतात, म्हणून जगभरचे हौशी दर्यावर्दी पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात आणि पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरतात. उबदार पाणी, पाठीवर वारा, पुरेशी बंदरं.

मी आराखडा कसा करतो ते सांगतो, कारण तुमची बोट बदलली किंवा रजा वाढली तर तुम्हाला तो पुन्हा करता आला पाहिजे. मोठ्या कागदावर ३६ रकाने पाडतो, महिन्याला एक. दोन वर्षं म्हणालात तरी ३६. खाली एकेका समुद्राची ओळ. मग लाल पेन्सिलीनं वादळांचे महिने भरतो. कॅरिबियन: जून ते नोव्हेंबर. दक्षिण पॅसिफिक आणि दक्षिण हिंदी महासागर: नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडे वर्षातून दोनदा, मॉन्सूनआधी एप्रिल ते जून आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि मधले महिने नैर्ऋत्य मॉन्सूनचेच. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ सोडून मासेमारीला लागतात ते किनाऱ्याजवळच्या कामाला. लांबच्या प्रवासाला तेव्हा आपला समुद्र तयार नसतो. ऑक्टोबर २०१९ चं क्यार, नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ चं ओखी, मे २०२१ चं तौक्ते आठवा, म्हणजे लाल रंग कुठे पडतो ते लक्षात येईल. आपल्याकडे स्वच्छ पांढरे राहतात ते जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.

लाल भरून झाला की पायलट चार्ट काढतो. दर महिन्याचा वेगळा नकाशा, त्यावर समुद्राचे चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वर्तुळ. बाण वारा कुठून आणि किती वेळा येतो ते सांगतात, आणि वर्तुळातला आकडा शंभरातले किती वेळा वारा पडलेला असतो ते. नवीन माणूस बाण बघतो. तुम्ही आकडा बघा. पुण्यात राहून हे वाचायला शिकणं काही अवघड नाही. १९२८ साली हवामान खात्याचं कार्यालय शिमल्याहून इथे आलं, म्हणून आपण अजून त्या चौकाला शिमला ऑफिस म्हणतो.

तिसरी गोष्ट, रोजची चाल. जाहिरातीत ४० फुटी बोट आठ नॉटनं, म्हणजे तासाला आठ सागरी मैलांनी, पळते. मी पाच धरतो, म्हणजे दिवसाला १२० सागरी मैल. दोन माणसं आळीपाळीनं झोपत असतील, रात्री शीड कमी केलेलं असेल, तर १२० हा प्रामाणिक आकडा आहे. जास्त झालं तर बंदरात दोन दिवस जास्त मिळतील.

आता तुमचा मार्ग.

निघायचं जानेवारीत. मुंबईहून कोचीपर्यंत किनाऱ्यानं, पहाटेचा मतलई आणि दुपारनंतरचा वायव्येचा वारा वापरत. या टप्प्यातला धोका वारा नसून जाळी आहेत. रात्री बिनदिव्याची जाळी पंख्यात अडकली की पाण्यात उतरून चाकूनं कापत बसावं लागतं, म्हणून रात्री किनाऱ्यापासून चांगलं बाहेर राहा. कोचीहून मालदीव सुमारे ४०० मैल, ईशान्येचा वारा पाठीशी, तीन-चार दिवस. मालदीवमध्ये हळूहळू खाली सरकत एप्रिलअखेर अगदी दक्षिणेच्या गान बेटावर पोचायचं आणि तिथे थांबायचं.

हे थांबणं लोकांना पटत नाही. "सरळ मॉरिशसला का नाही जायचं?" कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मॉरिशसच्या आसपास चक्रीवादळं येतात आणि विषुववृत्तापाशी वारा कुठल्याही बाजूनं येतो किंवा येतच नाही. मे उजाडला की खालचे आग्नेय वारे बसतात. मग गान ते मॉरिशसचं रॉड्रिग्ज बेट, सुमारे १३०० मैल, वारा डाव्या अंगावर, जोरात आणि ओलंचिंब. मधल्या चागोस बेटांवर थांबायचं तर परवाना आधीच हातात हवा. जून ते ऑक्टोबर रॉड्रिग्ज, मॉरिशस, रीयुनियन. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी माणसं भेटतील, पुरणपोळी सुटणार नाही.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर दक्षिण आफ्रिका. इथे जरा थांबतो, कारण सगळ्या फेरीत मला भीती वाटते ती याच तुकड्याची. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यानं अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो, काही ठिकाणी चार-पाच नॉटनं. तुमच्याच दिशेनं, म्हणजे सरकता जिना. पण त्या किनाऱ्यावर दर काही दिवसांनी नैर्ऋत्येचं वादळ येतं. वारा एकीकडून, पाणी दुसरीकडून, आणि मधल्या लाटा इतक्या उभ्या होतात की मोठी जहाजंही मोडली आहेत. डर्बन ते ईस्ट लंडन अडीचशे मैलांत शिरायला एक बंदर नाही.

आम्ही डर्बनला सहा दिवस बसून होतो. मालकाचे रोज फोन, "अजून निघाला नाहीत?" बाहेर ऊन पडलेलं, वारा ईशान्येचा, सगळं छान. पण बॅरोमीटरचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, काटा सकाळपासून खाली. रात्री नैर्ऋत्येचं वादळ आलं आणि धक्क्यावर बांधलेल्या बोटींच्या डोलकाठ्या शिट्ट्या मारायला लागल्या. दुसऱ्या दिवशी काटा वर चढला आणि पहाटे तीनला थांबला. वारा अजून नैर्ऋत्येचाच होता, पण मरत आलेला. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा डेकवर येऊन चहा पीत म्हणाला, आता. उजाडताना निघालो, २०० मीटर खोलीच्या रेषेवर प्रवाह पकडला आणि सव्वीस तासांत ईस्ट लंडनच्या आत होतो. काटा पडत असताना निघायचं नाही, चढून थांबला की लगेच निघायचं आणि मध्ये फोटो काढत बसायचं नाही. आराखड्यात या किनाऱ्यासाठी मी पाच आठवडे ठेवतो. चालायचे दिवस त्यात आठ-दहाच असतात.

मादागास्करच्या दक्षिण टोकाला मात्र शंभरेक मैलांचा वळसा घाला. तिथे उथळ भागावर समुद्र वाईट उसळतो.

केप टाउनहून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघा. सेंट हेलेना बेट १७०० मैल, आणि दोन दिवसांची थंडी सोडली तर हा जगातला सर्वांत सोपा समुद्र असेल. तिथून कॅरिबियनमधलं ग्रेनाडा ३८०० मैल, ग्रेनाडाहून पनामा कालव्याचं तोंड ११०० मैल. १२० नं भागा: ५५ दिवस पाण्यात. थांबे धरून मार्चअखेर पनामा.

इथे निर्णय घ्यावा लागतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कालवा पार झाला तर थेट पॅसिफिकमधली मार्केसास बेटं, सुमारे ३८०० मैल, महिना-सव्वा महिना. पहिले काही दिवस वारा रुसलेला असतो, एकदा आग्नेय वारे लागले की शिडाला हात लावायला नको. मे संपता संपता मार्केसास, जुलैला ताहिती, ऑगस्टमध्ये टोंगा-फिजी, सप्टेंबरअखेर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेची टोरेस सामुद्रधुनी (दिवसाउजेडीच, प्रवाळ आणि भरतीचे प्रवाह दोन्ही आहेत), ऑक्टोबरमध्ये इंडोनेशिया, डिसेंबरमध्ये फुकेत, जानेवारीत बंगालच्या उपसागरातून कोची. पंचवीस महिने. म्हणजे दोन वर्षांची रजा थोडी वाढवून घ्यावी लागेल, आणि तरीही जगातला सगळ्यात देखणा समुद्र तुम्ही घड्याळाकडे बघत ओलांडाल.

कालवा मेपर्यंत लांबला तर मी पुढे ढकलत नाही. एक वर्ष थांबा, वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला बोट ठेवा, पुढच्या फेब्रुवारी-मार्चला पॅसिफिकमध्ये उतरा, नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडला जा, तिथला उन्हाळा काढा आणि त्याच्या पुढच्या वर्षी टोरेस. मग घरी यायला चार वर्षं. एखादा पंप गेला, सुटा भाग यायला सहा आठवडे लागले, की असं होतं. नोकरीवर परतायची तारीख लेखी देण्याआधी हे दोघांनी बोलून घ्या.

परतीच्या उपसागराबद्दल माझा स्वतःचा मूर्खपणा. फुकेत ते श्रीलंकेचं टोक ११०० मैल, जानेवारीत १५-२० नॉटचा ईशान्य वारा मागच्या कोपऱ्यावरून, नऊ दिवसांत होतं. मी एकदा निघालो २८ मार्चला. बोट तयार नव्हती, चार दिवस, आठ दिवस करत महिना गेला आणि मी स्वतःला सांगितलं की थोडाफार वारा असेलच. पायलट चार्टवरचा मधला आकडा मी वाचलेला होता, तरीही. तिसऱ्या दिवशी समुद्र तेलासारखा सपाट झाला. लाट इतकीच की शीड भरायच्या आधीच पडावं, आणि दर चार सेकंदांनी बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा वासा, एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला आपटावं. शेवटी शीड उतरवून बूम दोरानं बांधला. टाकीत २०० लिटर डिझेल, तासाला अडीच लिटर, म्हणजे ८० तास, म्हणजे ४०० मैल. राहिलेले मैल कुणी द्यायचे? सोळा दिवस लागले. शेवटचे तीन दिवस बटाटे आणि लोणचं. वादळ आलं नाही, हे आमचं नशीब.

जानेवारीत गेलात तरी दोन जागा सांभाळा. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला जहाजांची अखंड रांग असते, ती एकदाच काटकोनात ओलांडा किंवा किनाऱ्याच्या बाजूला राहा. आणि तिथून कोचीकडे वळताना मन्नारच्या आखातातून वारा नळीतून आल्यासारखा येतो. शीड आधीच कमी करून ठेवा.

तांबडा समुद्र आणि सुएझचा जवळचा रस्ता मी मुद्दाम काढलेला नाही. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे जहाजांवर हल्ले झाले. तो धोका पत्करून वाचणारे महिने मला नकोत. पुढे परिस्थिती बदलली तर हा भाग बदलेल.

बोटीवर अवलंबून असलेलंही बरंच आहे. तुमची बोट समोरच्या वाऱ्याच्या किती जवळ तोंड करून चालते, पाण्याची टाकी केवढी, ऑटोपायलट बंद पडला तर वाऱ्यावर चालणारं सुकाणू आहे का. तिसरा माणूस घेणार असाल तर रोजची चाल मी १३५ धरेन.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्टवाल्यांची अडचण अशी की विमानतळावर मिळणारा व्हिसा बंदरात मिळेलच असं नाही. फ्रेंच पॉलिनेशियाला, म्हणजे मार्केसास-ताहितीला, युरोपचा शेंगेन व्हिसा चालत नाही, वेगळा अर्ज लागतो. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा किनारा दिसायच्या आधी हातात हवा. न्यूझीलंडला बोटीचा तळ शेवाळ-शिंपल्यांपासून स्वच्छ असल्याचा पुरावा मागतात. आणि सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, ते आधी निस्तरा. प्रत्येक व्हिसाची मुदत त्याच ३६ रकान्यांच्या कागदावर निळ्या पेन्सिलीनं लिहा. लाल आणि निळं जिथे भांडतं तिथे आराखडा पुन्हा करावा लागतो.

पाडवा सोडायला मन होत नसेल तर एक सुचवतो. या पाडव्याला बोटीवर गुढी उभारा, पण जायचं गोव्यापर्यंत आणि मेच्या आत परत. २३० मैल जाताना, २३० येताना, आणि येताना वायव्येचा वारा तोंडावर असेल. दर चार तासांनी मैल, वारा, बॅरोमीटर आणि कोण झोपलं होतं ते वहीत लिहा. ती पानं मला पाठवा. त्यावरून तुमचा १२० खरा आहे की ९५, ते कळेल, आणि ९५ असेल तर केप टाउन सोडायची तारीख मला डिसेंबरमध्ये आणावी लागेल.